उंदरांच्या वासाचा खोका

माझ्या जावयांनी आपल्या जुन्या वाद्यांच्या दुकानातला तो अँप्लिफायर भाचीसाठी घरात आणला त्याच दिवशी मला मळमळलं. लाकडी खोका, मध्ये एकच मोठा स्पीकर, आणि आत उंदरांनी कधीकाळी थाटलेला संसार. वरून मारलेल्या ताज्या काळ्या रंगालाही त्यांच्या मुताचा वास झाकता आला नव्हता. चाळीस वर्षं स्पीकर दुरुस्त करताना मी त्यांचे फाटके कागदी पडदे बदलले आहेत, घाणीचं मला वावडं नाही. पण घाणीवर रंग मारून ती घरच्याच पोरीला विकायची, याची शिसारी आली.

"सिंथेसायझरसाठी खास आणलाय," जावई म्हणाले.

मी खोक्याच्या पाठीवरून बोट फिरवलं. रंगाखाली 'गिटार' ही अक्षरं हाताला लागत होती. गिटारच्या अँप्लिफायरमध्ये वरचे तीक्ष्ण सूर बोथट होतात. गिटारला ते शोभतं. सिंथला मात्र आहे तो आवाज जसाच्या तसा सांगणारा स्पीकर लागतो. हे मला माहीत होतं, भाचीला नव्हतं.

जावयाचा मान म्हणून मी गप्प बसलो. तिने विचारलं तेव्हा वर म्हणालोसुद्धा, "घरात वाजवायला काय, चालेल." ते वाक्य अजून खवट शेंगदाण्यासारखं तोंडात आहे.

भाची माझ्याकडेच राहते, दातांच्या दवाखान्यात काम करते. आठ महिने रोज संध्याकाळी तिने सिंथवर एकेक आवाज घडवला. खोका दबका वाजायचा, म्हणून ती प्रत्येक आवाजाची धार वाढवत गेली. मग एका सभागृहात तिचा पहिला कार्यक्रम ठरला. नाटकांना संगीत देणाऱ्या एक बाई ऐकायला येणार होत्या. त्यांना आवडलं, तर दवाखाना सुटणार होता.

दुपारी आवाज तपासायला मी आणि जावई सोबत गेलो. तिने सिंथची वायर सभागृहाच्या मोठ्या स्पीकरना जोडली आणि पहिला सूर दाबला. पत्र्यावर खिळा ओढावा तसं झालं.

साउंडवाल्याने कानांत बोटं घातली. "ताई, दाढ कोरताय का?"

"मामा, घरी हे मऊ वाजतं ना!" ती माझ्याकडे वळली. साउंडवाल्याने धार कमी केली, तर सगळंच गोधडीखाली गेलं. चाळीस आवाज नव्याने घडवायचे आणि हातात तीन तास.

जावई पहिल्या रांगेत पॉपकॉर्न खात होते. बोटं चाटत म्हणाले, "असल्या आवाजात चांगलं-वाईट कुणाला कळतंय? सगळं चीं-चींच तर आहे."

"जावईबापू, उठा. गाडी काढा. खोका आणायचाय."

"तो घाणेरडा खोका? स्टेजवर?" भाची ओरडली.

"तुझे आवाज त्याच्यात घडलेत. त्याच्यापुढे माइक लावू. मोठे स्पीकर त्याचंच ऐकवतील."

साउंडवाल्याने मान डोलावली. "चालेल काका. पण लांब ठेवा माझ्यापासून."

खोका उचलताना वास थेट घशात उतरला. जावयांनी एका हाताने खोका धरला आणि दुसऱ्याने नाकाला रुमाल.

कार्यक्रम छान झाला. आवाज घरच्यासारखे मऊ, भरदार आले. खोका तापत गेला तशी दुर्गंधी पडद्यामागे पसरली आणि मी ती अर्धा तास गिळली. बाई आत आल्या, भाचीला सोमवारी तालमीला बोलावलं आणि खोक्याकडे पाहून म्हणाल्या, "वेगळाच आवाज आहे याचा. कुठे मिळाला?"

जावई पुढे सरसावले. खिशातून दुकानाचं कार्ड निघालं. "आमच्याकडचाच. जुना, दुर्मिळ माल. सिंथसाठी खास."

आता मात्र मी मध्ये पडलो.

"गिटारचा आहे बाई," मी म्हणालो. "आत उंदरांची घाण आहे, वर यांनी रंग मारलाय. आणि हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असून मी गप्प बसलो."

जावई लालबुंद झाले. भाचीने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ती माझ्याकडे बघत राहिली.

"पहिल्या दिवसापासून, मामा?"

"हो."

मग खाली वाकून तिने खोक्याची एक बाजू धरली.

"दुसरी बाजू धरा, मामा," ती म्हणाली. "रुमाल लावायचा नाही."