उमरेडची लाइन मोकळी

गावोगावचे फोन जोडून देणाऱ्या नागपूरच्या ट्रंक एक्स्चेंजचे सुपरवायझर वामनराव यांना माणसं दिसत नसत, फक्त लाइनी दिसत. रोज सकाळी प्रत्येक गावाची लाइन लावून बघायची, जिवंत आहे की मेली, आणि मग दिवसभर मिशांना पीळ देत फिरायचं. त्या दिवशी दिल्लीचा साहेब तपासणीला येणार होता, म्हणजे त्यांच्या अंगात आलंच होतं.

"उमरेडची लाइन कोणालेच द्यायची नाही," त्यांनी बोर्डावरच्या ऑपरेटर प्रेमिलाला बजावलं. "साहेबानं मागितली का लगेच लागली पाहिजे."

उमरेडला लाइन एकच. खाणीवाले, कापडवाले, सगळ्यांना 'लाइन खराब आहे' सांगून वाटेला लावलं. धडधाकट लाइन अशी जपून ठेवायची आणि याला म्हणे सेवा म्हणायचं!

प्रेमिलाची लहानगी कुंदा उमरेडला सासूकडे होती. घसा सुजला होता. घटसर्प निघाला तर त्याचं इंजेक्शन तिथं मिळत नव्हतं. डॉक्टर सकाळी घसा बघणार, नवरा रुपराव फोन करणार, की हिने नागपूरच्या दवाखान्यातून इंजेक्शन घेऊन एसटी पकडायची, असं ठरलं होतं. रजा मागितली तर वामनराव म्हणाले, "तपासणी झाल्यावर जा." नोकरी कच्ची होती, ती बसली.

थोड्याच वेळात बोर्डावर उमरेडचा दिवा लागला.

"साहेब, माह्या घरचाच फोन असंन. एक शब्द बोलू द्या."

"आन तेवढ्यात दिल्लीचा साहेब आला तं? माही नोकरी तू देशील काय?"

तरी तिने प्लग उचलला. वामनरावांनी तो हिसकावला आणि उमरेडच्या भोकावर पंजा ठेवून उभे राहिले. दिवा विझला, पुन्हा लागला, पुन्हा विझला. ती रडत पाया पडली. त्या नालायक माणसाने तिथेच उभ्या उभ्या चहा मागवला.

साहेब दुपारी उगवला. दिवा लागायचा केव्हाच थांबला होता.

"उमरेड दीजिए," म्हणत त्याने दुसरा हेडफोन कानाला लावला. वामनरावांनीही आपला कान जवळ नेला. लाइन तत्काळ लागली.

"हॅलो उमरेड, नागपूर बोलते," प्रेमिला कशीबशी म्हणाली.

तिकडे ऑपरेटर नत्थूजी होते. "प्रेमिलाबाई? कुठं होती वं तू? सकाळपासून लावून राहिलो तुले. रुपराव इथंच बसून होते, इंजेक्शन आण म्हणाले. आता कायले आणतं बाई. पोरगी गेली."

साहेबाला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. वामनरावांना सगळं कळत होतं.

"वा!" साहेब खूश झाला. "आवाज कितनी साफ है."

"थँक्यू सर," वामनराव म्हणाले आणि प्रेमिलाच्या खांद्यावर बोटाने टकटक केलं. "चला, आता काटोलची लाइन लावा."