निळ्या दोऱ्याचे दोन टाके

चेक परत आला, आणि तोही शिवून. एका कोऱ्या कागदावर आमच्याच कंपनीचा तीस डॉलरचा चेक ठेवून कुणीतरी वरच्या कोपऱ्यात निळ्या दोऱ्याचे दोन टाके घातले होते. एकावर एक आडवे, आणि मागे बारीकशी गाठ.

"लव्हॉन, हे बघ," मी तो कागद शेजारच्या टेबलाकडे धरला. "लोक चेकसाठी आपला जीव खातात, आणि ही बाई परत पाठवतेय."

"वेडी असेल," लव्हॉन मान वर न करता म्हणाली. "नाहीतर श्रीमंत. आपल्याला काय, ठेव बाजूला."

मी हसणारच होते. पण माझी नजर पुन्हा त्या टाक्यांवर गेली. हे टाके मी आधी पाहिले होते. नुसते पाहिले नव्हते, कात्रीने कापले होते.

आमच्या नॉर्डाल गावात पोट भरायला दोनच जागा, टर्की पक्ष्यांच्या मांसाचा कारखाना आणि आमचं गोदाम. प्रिंटर, कॅमेरा, फोन असलं काही घेतलं की खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, तीस डॉलर परत. परत म्हणजे दुकानात नव्हे. घरी जाऊन खोक्यावरचा बारकोड कापायचा, बिल जोडायचं, फॉर्म भरायचा आणि टपालाने पाठवायचं. देशभरातली ती पाकिटं मिनेसोटातल्या आमच्या गावी येत, आणि आम्ही बायका ती उघडत असू. काही राहिलं असेल तर छापील कार्ड जायचं. सात नंबरचं कार्ड म्हणजे 'आपल्या अर्जासोबत मूळ बारकोड नव्हता.' मग माणसं चिडायची, पत्रं लिहायची, आणि ती पत्रं माझ्या टेबलावर यायची. एकाने वकिलाची धमकी दिली होती. एकाने अख्खं रिकामं खोकं पाठवलं होतं, आतमध्ये चिठ्ठी, 'आता शोधा तुम्हीच.' चौदा वर्षांत मी असल्या पत्रांना सरावले होते. खरं सांगायचं तर निगरगट्ट झाले होते.

नाताळनंतर मात्र पाकिटांचा डोंगर साचायचा आणि जानेवारीत आम्हा सगळ्यांनाच पाकिटं फोडायला बसवायचे. एका पाळीत नऊशे. त्या जानेवारीत माझ्या हाती एक फॉर्म आला होता, त्याला बारकोडचा पुठ्ठा चक्क शिवलेला होता. 'स्टेपल मारू नये, टेप लावू नये' असं आम्हीच फॉर्मवर छापतो. या बाईने ते मनावर घेतलं होतं आणि सुईदोरा काढला होता. मी लव्हॉनला दाखवलं, दोघी हसलो. शिवलेला कागद स्कॅनरमध्ये अडकतो म्हणून मी दोरा कापला. तेवढ्यात कॉफीची घंटा झाली. परत आले तर समोर फॉर्म होता, बिल होतं, बारकोड नव्हता. पुढची साडेचारशे पाकिटं वाट पाहत होती. मी सात नंबर दाबला आणि पुढचं पाकीट घेतलं.

आता एप्रिल होता. चेकच्या मागे पत्र होतं.

'मला पैसे नकोत. बारकोड पाकिटात होता, एवढी एकच ओळ लिहून द्या. तुमचं कार्ड माझ्या नवऱ्याने फ्रिजवर लावलंय. माझं डोकं ठिकाणावर राहिलेलं नाही असं घरात सगळ्यांना वाटतं, आणि ते कार्ड म्हणजे त्यांचा पुरावा. मुलगा गाडीची किल्ली काढून घ्यायचं म्हणतोय. मी कधीकधी विसरते, ते मला ठाऊक आहे. पण हा बारकोड मी शिवला होता. मला सुई ओवलेली आठवते. पांढरा दोरा संपला होता म्हणून निळा घेतला, तेही आठवते. तेच जर खरं नसेल, तर मला बाकी जे आठवतं त्याचं काय करू? व्हायोला ऱ्हुष्का.'

संगणकावर तिचा फॉर्म काढून पाहिला. कोपऱ्यात चार बारीक ठिपके होते. सुईची भोकं.

मी फॉर्म छापून साहेबांकडे नेला. ड्युएन साहेब वाईट माणूस नव्हता, गोदामात सगळ्यांच्या वाढदिवसाला केक आणायचा.

"ही भोकं बघा," मी म्हणाले. "बारकोड होता. मीच कापला, मीच हरवला. एक ओळ लिहू दे मला."

"आर्डिस, बस जरा," तो म्हणाला. "तिने फोनवर तक्रार केली तेव्हा तिला चेक दिला ना आपण? खास बाब म्हणून?"

"तिला चेक नकोय."

"मग काय हवंय?"

"होता, एवढं."

त्याने चष्मा काढून डोळे चोळले. "एकदा आपण लेखी दिलं की आपण पाकिटातले बारकोड हरवतो, मग उद्या वीस हजार लोक दारात. वकील माझी चामडी सोलतील. आणि तुझीही. चार नंबर टाक आणि विषय संपव."

चार नंबरचं कार्ड असं, 'आपल्या प्रकरणाचा फेरविचार झाला असून निर्णय अंतिम आहे.' निवृत्तीला मला तीन वर्षं होती. मी चार नंबर टाकला. कुणी हात धरून टाकायला लावला नव्हता.

त्यानंतर ती बाई माझ्या मानगुटीवर बसली. कोटाचं बटण लावायला बसले की हात थांबायचा. बाहीवर कुठला तरी निळा धागा दिसला की तो आधी उपटून टाकायचे. मी स्वतःच चाव्या ठेवून विसरायला लागले, आणि प्रत्येक वेळी वाटायचं, बरोबर, आता तुझी पाळी.

जूनमध्ये तिचं पत्र आलं, त्यात तिने नाव दोनदा लिहिलं होतं. जुलैमधल्या पत्रात ओळी कागदाच्या कडेवरून खाली उतरल्या होत्या. ऑगस्टमध्ये एक पाकीट आलं, त्यात पत्रच नव्हतं. कोरा कागद होता आणि त्यावर निळ्या दोऱ्याचे दोन टाके. कशालाच काही जोडलेलं नव्हतं. तो कागद मी कितीतरी वेळ हातात धरून बसले.

"फेकून दे ना," लव्हॉन म्हणाली.

"नाही फेकवत."

"मग घरी ने. इथे नको ठेवू, मलाही भीती वाटते त्याची."

सप्टेंबरमध्ये काही आलं नाही. ते जास्त वाईट होतं.

ऑक्टोबरात नवी यंत्रं आली आणि जुनी टेबलं हलवली. भिंत आणि टेबल यांच्यामध्ये बोटभर फट होती, चौदा वर्षं आमच्यापैकी कुणी तिच्याकडे पाहिलं नव्हतं. टेबल ओढलं तेव्हा मागे पुठ्ठ्याच्या तुकड्यांचा ढीग निघाला. पन्नास-साठ बारकोड. प्रत्येकामागे कुठेतरी सात नंबरचं कार्ड गेलेलं. सफाईवाला झाडू घेऊन आला, त्याला मी थांबवलं आणि गुडघ्यावर बसून एकेक तुकडा उलटून पाहिला. तो मिळाला तेव्हा त्याच्यात निळ्या दोऱ्याचं अर्धं टोक तसंच होतं, गाठीसकट.

मी तो पर्समध्ये टाकला आणि साहेबांना न विचारता बाहेर पडले. ऱ्हुष्कांचं गाव दीड तासावर होतं. देशभरातून पाकिटं येतात, आणि ही बाई माझ्या गाडीच्या अर्ध्या टाकीच्या अंतरावर राहत होती. हे मी सहा महिने तिच्या पत्त्यावर वाचत होते.

दार एका उंच, वाकलेल्या म्हाताऱ्याने उघडलं. व्हायोलाचा नवरा, एमिल ऱ्हुष्का. मी गोदामाचं नाव सांगितलं तसा त्याचा चेहरा आक्रसला.

"पैशांचं असेल तर राहू द्या बाई. ती इथे नाही. सप्टेंबर लागल्यापासून गावाबाहेरच्या नर्सिंग होममध्ये आहे."

"पैशांचं नाही," मी म्हणाले आणि तुकडा पुढे केला.

त्याने तो हातात घेतला नाही. मग बाजूला सरकून मला स्वयंपाकघरात घेतलं. फ्रिजवर नातीच्या फोटोशेजारी सात नंबरचं कार्ड अजून होतं. टेबलावर बेकरीतल्या खसखशीच्या कोलाची नावाच्या गोड पावांचं खोकं पडलं होतं, न उघडलेलं.

"तिने सांगितलं होतं मला," तो म्हणाला. "शिवलाय म्हणाली. मी म्हटलं, व्हायोला, पुठ्ठा कोण शिवतं कागदाला? कार्ड वाच, म्हटलं. कंपनी कशाला खोटं बोलेल?"

"दोरा मी कापला," मी म्हणाले. "कार्डही मीच पाठवलं. नंतर कळलं तरी गप्प बसले. नोकरीसाठी."

तो ओरडेल असं वाटलं होतं. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"आणि मी ते फ्रिजवर लावलं," तो म्हणाला. "रोज सकाळी दूध काढताना तिला दिसेल असं. विसरू नये म्हणून." त्याने कार्डाकडे पाहिलं. "ती आजारी होतीच बाई. डॉक्टर सांगतात, दोन वर्षांपासून. हे नसतं तरी व्हायचं ते झालंच असतं. पण त्या दिवसापासून तिने वाद घालणंच सोडलं. मी काहीही म्हटलं की 'तसं असेल' म्हणायची. बावन्न वर्षांत ती मला कधी 'तसं असेल' म्हणाली नव्हती."

मग त्याने खुंटीवरची टोपी घेतली. "चला," म्हणाला. "तुमच्याच गाडीने. मला आता नीट दिसत नाही, आणि किल्ली तर पोराने दोघांचीही नेली."

नर्सिंग होममध्ये व्हायोला खिडकीशी बसली होती. लहानखुरी, केस नीट विंचरलेले, मांडीवर गोधडीचा एक चौकोन. सुई तिला देत नसत. ती नुसतं बोट कडेवरून फिरवत होती, टाके मोजल्यासारखं. आम्ही आलो तसं तिने दोघांकडे पाहून एकसारखंच हसून दाखवलं, पाहुण्यांना दाखवतात तसं.

एमिलने माझ्याकडून तुकडा घेऊन तिच्या हातात दिला. तिने तो उलटा केला, गाठ चाचपली.

"टाका माझा आहे," ती म्हणाली.

"हो," एमिल म्हणाला.

"कुणीतरी कापलाय."

"मी कापला," मी म्हणाले. "बारकोड पाकिटात होता, मिसेस ऱ्हुष्का. तुम्ही टाकला होता."

"मला माहितेय पोरी," ती म्हणाली. मला सत्तावन्न वर्षं झाली होती. "पांढरा दोरा संपला होता."

ती थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली. मला वाटलं, गेली, पुन्हा हाती लागायची नाही. पण ती वळली आणि एमिलकडे वाकून हळू आवाजात बोलू लागली.

"तुम्ही गावातलेच दिसता. एमिल ऱ्हुष्काला ओळखता का?"

एमिलने टोपी काढली. "ओळखतो," तो म्हणाला.

"त्याला सांगाल? त्याला वाटतं मी विसरले. माणूस चांगला आहे, पण कागद दाखवल्याशिवाय त्याला पटत नाही. हा न्या." तिने तुकडा त्याच्या तळहातावर ठेवला आणि त्याची बोटं मिटली. "आजच सांगा."

"आजच सांगतो," एमिल म्हणाला.

त्याने तो तुकडा शर्टाच्या खिशात ठेवला. खिशाचं बटण त्याला लागेना, तेव्हा तिने हात पुढे करून ते लावून दिलं.