सुनेसमोर कसं सांगावं

समता कॉलनीतल्या एका इस्पितळात, नर्सनी पेशंटशी कसं बोलावं हे शिकवायला भार्गव सर आले, तेव्हा गुलाबराव आतड्याच्या ऑपरेशननंतर वरच्या मजल्यावर उपाशी पडले होते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. तो जुळवून आणला गेला.

भार्गव सरांचा अनुभव दांडगा. आधी ते तेलीबांध्याच्या एका शोरूममध्ये मोटारी विकणाऱ्या पोरांना बोलणं शिकवत. इस्पितळासाठी त्यांनी फक्त ‘ग्राहक’ पुसून ‘रुग्ण’ लिहिलं होतं. एका ठिकाणी पुसायचं राहिलं, आणि पडद्यावर आलं, ‘ग्राहक दारातून तसाच परत गेला, तर तो आपला पराभव.’ व्यवस्थापनाने समाधानाने मान डोलावली.

गुलाबराव रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. घर गुढियारीत, मूळ मोर्शीकडचे. जन्मभर मालगाड्यांना हिरवा झेंडा दाखवला, आणि आता स्वतःच सिग्नलला थांबले होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं की ऑपरेशननंतर आतडी झोपी जातात. वारा सरला की समजायचं, जागी झाली. तोवर चहा नाही. नाहीच सरला, तर नाकातून पोटात नळी. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला ती घालताना गुलाबरावांनी पाहिलं होतं, तेव्हापासून ते देवाकडे दुसरं काही मागतच नव्हते.

सकाळपर्यंत हे विचारायचं काम दयाराम ब्रदरकडे होतं. तो दारातूनच तिथल्या बोलीत ओरडायचा, “कका, हवा निकलिस?”

“नहीं रे भैया!” गुलाबराव आतून ओरडायचे. झालं संभाषण.

भार्गव सरांनी हे ऐकलं आणि भिंतीचा आधार घेतला. नजरेला नजर नाही, सहवेदना नाही, माणसाच्या प्रतिष्ठेचा तर पत्ताच नाही! दयारामला तळमजल्यावरच्या वर्गात बसवण्यात आलं आणि त्याच्या जागी वर्गात पहिली आलेली अनुश्री सिस्टर आली. सर स्वतः दाराशी उभे राहिले. पाठ पहिला: आधी नातं जोडा, मग प्रश्न विचारा.

अनुश्री खुर्ची ओढून बसली. “काका, तुम्ही मराठी ना? गाव कोणतं?”

“आमी मोर्शीकडचे. तू वं?”

“माहेर दुर्गचं. सासर मोर्शीचंच!”

गुलाबराव कोपरावर उठले. उपाशी माणसालाही सोयरीक शोधण्यापुरती ताकद असते. “कोनाची सून तू?”

“अनंतराव मास्तरांची. सुशील माझे मिस्टर.”

“अवं कमला! आइकून राहिली का? आपल्या अनंताची सून! माह्या सख्ख्या मावसभावाची!”

“बाई वं!” कमलाबाई स्टुलावरून उठल्याच. “लग्नात यांले कावीळ झाली होती पोरी, नाही त आमी येनारच होतो.”

अनुश्री वाकून दोघांच्या पाया पडली. डोक्यावर घ्यायला पदर नव्हता, म्हणून तिने युनिफॉर्मची कॉलर नीट केली. दाराशी भार्गव सरांचे डोळे पाणावले. इतकं घट्ट नातं त्यांच्या डोळ्यांदेखत मोटारींच्या धंद्यातसुद्धा जुळलं नव्हतं.

नातं जुळलं. आता प्रश्न विचारायचा होता.

अनुश्रीने तोंड उघडलं आणि मिटलं. अख्ख्या वॉर्डाला विचारलेला प्रश्न. पण सासऱ्याला?

“मामाजी... कसं वाटून राहिलं?”

“बरं वाटून राहिलं.”

“आणखी काही... सांगण्यासारखं?”

“नाही सूनबाई.”

तिने फाइलमध्ये ‘नाही’ लिहिलं आणि सुटकेचा निःश्वास टाकला. त्यांनीही टाकला.

दुपारी अनुश्री जेवायला गेली असताना वारा सरला. भरल्या मालगाडीच्या इतमामाने. गुलाबरावांना भरून आलं.

“कमला, सांग तिले. चहा मागव.”

“मी सांगू?” कमलाबाई दचकल्या. “आज सोयरीक निघाली, अन् पयला निरोप हा? मोर्शीपर्यंत जाईन गोष्ट.”

“मंग काय मी सांगू? सुनेले?”

“तुमचा वारा, तुमी पाहा.”

“त्या दयारामले बलाव.”

“तो खाली बोलनं शिकून राहिला.”

संध्याकाळी डॉक्टर आले, शेजारी फाइल धरून अनुश्री. “गैस पास हुआ?”

गुलाबरावांनी सुनेकडे पाहिलं. सुनेने खिडकीकडे पाहिलं. “नहीं साहब.”

डॉक्टरांनी पोटाला हात लावला नाही. फाइल ‘नाही’ म्हणत होती, पेशंट ‘नाही’ म्हणत होता, आणि पोटाचं मत घ्यायची तिथे पद्धत नव्हती. “ट्यूब डालो,” ते म्हणाले.

नळी आली. गुलाबरावांनी दोन्ही हातांनी नाक झाकलं. “नाही घालू देत!”

“काहून?” कमलाबाईंनी सगळं माहीत असून विचारलं.

“असंच!”

भार्गव सर धावत आले. रुग्णाचा प्रतिकार! याच्यासाठीच त्यांचा शेवटचा पाठ होता, उपचारक शांतता. “कोई कुछ नहीं बोलेगा,” ते हात वर करून म्हणाले. “इनको समय दीजिए. सिर्फ़ सुनिए. मन लगाकर सुनिए.”

सगळे थांबले. डॉक्टर थांबले, नळी हवेत थांबली, पंख्याची कुरकुर नको म्हणून सरांनी तोही बंद केला. गुलाबरावांनी डोळे मिटले, दात आवळले, मुठी आवळल्या. जे जे आवळता येतं ते आवळलं. पण दुपारी जागी झालेली आतडी आता कामावर रुजू झाली होती, आणि समोर कोणाची सून उभी आहे हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

सगळ्यांनी ऐकलं. त्यासाठीच तर उभे होते.

“देखा?” भार्गव सर भारावून कुजबुजले. “मौन की ताकत!”

नळी परत गेली. हा प्रसंग आता पुढच्या वर्गात उदाहरण म्हणून शिकवतात. फोटोही आहे. त्यात सर आहेत, डॉक्टर आहेत आणि एक चादर आहे. चादरीखाली गुलाबराव आहेत.

त्या संध्याकाळी थोड्या वेळाने अनुश्री चहा घेऊन आली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. “आत्याबाई, मामाजींना म्हणा, चहा आणला.”

“कमला, सूनबाईले म्हन, ठेवा,” चादर म्हणाली.

चादरीतून एक हात बाहेर आला, कप घेऊन आत गेला. आतून एक लांब फुरका ऐकू आला. रिकामा कप बाहेर आला. मग पुन्हा आवाज आला.

“कमला, तिले इचार, उद्या दयाराम भेटंल का म्हना. त्याचं-आपलं काही नातं नाही.”