भिंगरीची बुबुळं

धाकटीने प्रुफांचं पाकीट फोडलं, आणि तिसऱ्याच पानावर तिचा हात थांबला. भिंगरी बाईंच्या तोंडाकडे बघत होती.

आता यात एवढं दचकण्यासारखं काय, असं कुणालाही वाटेल. शाळेतली पोर बाईंकडे बघणार नाही तर कुणाकडे बघणार? पण ही भिंगरी धाकटीने काढलेली होती, दीड वर्ष, चौकटीमागून चौकट, स्वतःच्या हाताने. लहान मुलांसाठी अठ्ठेचाळीस पानांचं कॉमिक, आणि त्यातली भिंगरी ऑटिस्टिक, धाकटीसारखीच. ती कानांनी ऐकायची आणि डोळे आपल्याला हवे तिथे ठेवायची: बुटाच्या नाडीवर, खिडकीच्या कडीवर, फळ्याखाली साचलेल्या खडूच्या भुकटीवर. अख्ख्या पुस्तकात ती एकदाही कुणाच्या डोळ्यांत बघत नव्हती. आणि आता पानापानावर बघत होती. कुणीतरी ऑफिसात बसून तिची बुबुळं सरकवली होती, एकूण एक. शेवटच्या पानावर तर कहर! तिथे भिंगरी आईच्या गळ्यात पडून, डोळ्यांत डोळे घालून, दात काढून हसत होती. धाकटीने असलं काही काढलंच नव्हतं.

"मेल्यांनो!" धाकटी ओरडली. ती क्वचितच ओरडायची, त्यामुळे थोरली हातातला टॉवेल तसाच घेऊन धावत आली.

घरात या दोघीच बहिणी. धाकटी एकेचाळीस वर्षांची झाली तरी नाव धाकटीच राहिलं. थोरली एका दंतवैद्याकडे स्वागताला बसायची. माणसांशी बोलण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. म्हणून धाकटीच्या प्रत्येक कामाच्या भेटीला ती सोबत जायची आणि धाकटीच्या वतीने हसायची, माफी मागायची, "तिच्या मनात तसं नसतं हो" म्हणायची.

"अगं, गोड दिसतेय की!" थोरली पान बघून म्हणाली. "एवढ्याशा ठिपक्यांसाठी डोक्यात राख घालून घेऊ नकोस. उद्या छापायला जायचंय."

"मी सही करणार नाही."

सगळं घोडं अडलं होतं ते या सहीवर. त्या प्रकाशनाची जुनी पद्धत अशी, की चित्रकाराने प्रत्येक प्रुफाच्या कोपऱ्यात 'छापावे' असं हाताने लिहून खाली सही करायची. त्याशिवाय छापखान्यातला फोरमन एक पान मशीनवर चढवायचा नाही, मालक स्वतः येऊन उभा राहिला तरी. सही नाही तर पुस्तक नाही. आणि हे धाकटीचं पहिलंच स्वतःचं पुस्तक. आजवर तिने दुसऱ्यांच्या गोष्टींना ससे आणि ढग काढले होते.

प्रकाशनाच्या ऑफिसात जाताना बसमध्ये थोरलीने प्रुफं मांडीवर घेऊन पहिल्यापासून वाचायला घेतली. बरीच पानं झाली आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"बाकी झकास आहे गं. पण इथे, एवढ्या मोठ्या सभेत, ही फिदीफिदी हसते कशाला? कारण नसताना?"

धाकटीच्या कानशिलात झणझणलं. कारण नसताना. हे शब्द तिच्या तिसरीच्या प्रगतिपुस्तकात लाल शाईने लिहिलेले होते. आई म्हणायची, काका म्हणायचे, शेजारी म्हणायचे, आणि थोरलीसुद्धा म्हणायची, हनुवटी धरून, मान वर करून: "वेडी आहेस का? इकडे बघ! कारण नसताना काय हसतेस?" धाकटी बसच्या खिडकीच्या रबराकडे बघत राहिली.

ऑफिसात मालक आणि संपादकबाई वाटच बघत होते. मालकांनी धाकटीला खुर्ची दिली आणि बोलायला लागले ते थोरलीशी.

"ताई, तुम्हीच समजवा हिला. चांगलं मन लावून काम केलंय तिने. पण मुलगी कुणाकडे बघतच नाही म्हटल्यावर वाचकाला वाटेल, चित्रच चुकलंय. किंवा पोरगी उर्मट आहे."

"आणि शेवट जरा कोरडा होता," संपादकबाई म्हणाल्या. त्या वाईट बाई नव्हत्या, फक्त त्यांना सगळ्यांचं सगळं गोड व्हायला हवं असायचं. "मुलांना आशा हवी ना. मिठीने किती बरं वाटतं! आम्ही तर म्हणत होतो, तिला एखादी शक्ती द्या. गणितात वगैरे हुशार."

"भिंगरीला गणित येत नाही," धाकटी टेबलावरच्या स्टेपलरकडे बघत म्हणाली. "मलाही येत नाही."

"बघा, ही अशी," मालक थोरलीकडे बघून हसले. "स्वमग्न असतात ना हे लोक."

"स्वतःत कुठे? मी तुमच्या स्टेपलरमध्ये मग्न आहे," धाकटी म्हणाली. "त्यात पिना उलट्या भरल्यात."

मालकांनी स्टेपलर उघडून बघितला आणि लगेच मिटला.

धाकटीने पेन काढलं. मालकांचा जीव भांड्यात पडला, पण तो क्षणभरच. पहिल्या प्रुफाच्या कोपऱ्यात तिने ठळक अक्षरांत लिहिलं, 'छापू नये', आणि खाली सही केली. मग दुसऱ्यावर. मग तिसऱ्यावर.

"अहो, अहो, हे काय चाललंय? ताई, थांबवा तिला! पानं उद्या मशीनवर चढायचीयत!"

"धाकटे," थोरली हळूच म्हणाली, "अगं, हातातोंडाशी आलेलं पुस्तक घालवशील."

"घालवीन," धाकटी म्हणाली. "खोटी भिंगरी बाहेर पडण्यापेक्षा कुठलीच नको. ते वाचून कुठल्यातरी घरी कुणीतरी कुणाची तरी हनुवटी धरणार. बघ, भिंगरी कशी शहाण्यासारखी बघते, तूही बघ. माझ्या पुस्तकाने हे होणार नाही."

धाकटी लिहीतच राहिली. एकोणिसावं पान झाल्यावर तिने पिशवीतून मूळ चित्रांची चवड काढली आणि तीन पानं ओळीने मांडली: सोळा, सतरा, एकोणीस.

"कारण बघा," ती म्हणाली.

तिघंही वाकले. सोळाव्या पानावर हेडमास्तर व्यासपीठावर भाषण करत होते, सगळी शाळा त्यांच्या तोंडाकडे बघत होती, आणि भिंगरीची बुबुळं त्यांच्या मनगटावर होती. तिथे कोटाच्या बाहीचं बटण एका दोऱ्यावर लोंबत होतं. सतराव्यावर हेडमास्तरांनी हात उंचावला, बटण गरगरलं, भिंगरीने श्वास रोखला. एकोणिसाव्यावर ते गरजले, "शिस्त!", आणि बटण टप्पकन सुटून पुढच्या रांगेतल्या बाईंच्या अंबाड्यात जाऊन बसलं. भिंगरी खो खो हसली. तिला सभेतून हाकललं.

"तुम्ही बुबुळं सरकवलीत," धाकटी म्हणाली. "आता ती बटण बघतच नाही. तरी हसते. तुम्ही माझ्या पोरीला वेडी करून ठेवलंत."

संपादकबाईंनी प्रूफ उचललं, मूळ पान उचललं, पुन्हा प्रूफ. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. ऑफिसातल्या चार जणांनी ती प्रुफं वाचली होती. चौघांनीही नुसते संवादांचे फुगे वाचले होते, चित्रं नाही.

थोरलीला मात्र हसू फुटलं. आधी नाकातून, मग तोंडावर हात ठेवून, मग सरळ डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आणि हसता हसताच ती एकदम धाकटीकडे वळली.

"धाकटे," ती म्हणाली, "आपल्या शाळेत... तू तिसरीत होतीस. मी तुला ओढत बाहेर नेलं होतं. तेव्हा...?"

"बटणच होतं."

"इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"कुणी विचारलंच नाही. आणि हनुवटी धरली की मला काही ऐकू येत नाही. तू काय काय बोललीस, त्यातलं मला एक अक्षर आठवत नाही."

थोरलीने रुमाल काढला, पण पुसलं काहीच नाही, नुसता मुठीत दाबून धरला. तेवढ्यात मालक खाकरले. "ते सगळं ठीक आहे, ताई. डोळ्यांचं बघू. पण ती मिठी तरी राहू दे म्हणावं. वाचक रडतील हो! विचारा बरं तिला."

आजवर अशा वेळी थोरलीने मधाळ हसून तोडगा काढला असता. आज तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मला काय विचारता?" ती कडाडली. "ती इथे बसलीय ना तुमच्यासमोर, धडधडीत! तोंड आहे तिला. पुस्तक तिचं आहे. तिला विचारा."

मालक चपापले. त्यांनी खुर्ची वळवली आणि दोन वर्षांत पहिल्यांदा धाकटीशी बोलले. "बाई... मग मिठी?"

"नको. भिंगरीला मिठी आवडत नाही. आई तिच्या शेजारी पायरीवर बसते आणि दोघी गटारात वाहत जाणारं पान बघतात. तोच शेवट आहे."

"आणि हे सगळं पूर्ववत करायला किती दिवस लागतील?"

"एकही नाही." धाकटीने मूळ पानांची चवड त्यांच्यापुढे सरकवली. "हीच छापा. नाहीतर परत द्या, मी चालले."

मालकांनी चवडीतलं एकोणिसावं पान पुन्हा एकदा पाहिलं. मग त्यांनी फोन उचलला आणि फोरमनला सांगितलं, की उद्याचं काम थांबव, पुन्हा नवी प्रुफं निघतील. धाकटीने मात्र उरलेल्या एकोणतीस पानांवरही 'छापू नये' लिहिलं, शेवटच्यावर सगळ्यांत मोठं. तोवर तिघंही थांबले. थांबावंच लागलं.

जिन्यात आल्यावर थोरलीला राहवेना. "जिंकलीस गं, भवाने!" म्हणत तिने दोन्ही हात पसरले, आणि हात तसेच हवेत ठेवून थबकली.

"चालेल?" तिने विचारलं. जन्मात पहिल्यांदा.

"नको," धाकटी म्हणाली.

थोरलीने हात खाली घेतले, आणि तिला त्याचा जराही राग आला नाही.