दोन्ही तळव्यांवरची रोटी

इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टनच्या गुरुद्वारात लंगरच्या रोट्या लाटताना तेजिंदरचा जीव टांगणीला लागला होता. लेकीची सोयरीक जुळत आलेली, आणि होणाऱ्या विहीणबाई, चंदीगडच्या, शेजारीच बसून खेडवळ बायकांना नाक मुरडत होत्या. तेजिंदरनं त्यांना माहेर दिल्लीचं म्हणून सांगितलं होतं.

पंगतीत रोट्या कमी पडल्या. घाईत तिनं लाटणं बाजूला सारलं आणि दोन्ही तळव्यांवर फटाफट रोटी थापली.

“दिल्लीत असं थापतात होय?” विहीणबाईंनी विचारलं.

सगळ्यांचे हात थांबले. तेजिंदरनं पुढचा गोळा उचलला.

“दिल्ली नाही, कोटली. पंजाबातलं खेडं. गोवऱ्या थापून हाताला हे वळण लागलंय. सोयरीक मोडायची तर खुशाल मोडा, पण आधी तव्यावरची उलटा, करपतेय.”