डावीकडे न वळणारी गोळी

मित्रांनो, मी एक जुना माऊस आहे. कपाटाच्या खालच्या खणात, तुटक्या चार्जरशेजारी पडून असतो. नाव उंदराचं मिळालं, पण मांजराला मी कधी भ्यायलो नाही. माझा घात केला तो कापडाच्या बारीक तंतूंनी.

माझ्या भाऊबंदांच्या पाठीवर चाक असतं आणि ते नुसतं वर-खाली फिरतं. माझ्या पाठीवर मात्र मिरीच्या दाण्याएवढी गोळी आहे. बोटाच्या टोकाने ती फिरवली की स्क्रीनवरचं चित्र वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, अगदी तिरकंही सरकतं. नवा होतो तेव्हा मला याचा भारी तोरा होता.

मी आलो तो चादरींची नक्षी काढणाऱ्या एका बाईंच्या टेबलावर. त्यांच्या वेली इतक्या लांबरुंद, की स्क्रीनवर एका वेळी दोन-चार पानंच मावायची. बाईंच्या हातांना आजार जडला होता. एकेका बोटातली ताकद जात होती. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, "तर्जनी सगळ्यात शेवटी जाईल. ती आहे तोवर काम करा." म्हणून तर त्यांच्या लेकीने मला शोधून आणलं. हात जागचा न हलवता त्या एका बोटाने बाई सगळी चादर फिरून यायच्या.

"अगं, हा माऊस नाही, माझा उजवा हात आहे," असं त्या लेकीला म्हणायच्या आणि मी फुगून जायचो. काही वर्षं अशी छान गेली.

टेबलावर कापडाचे नमुने पसरलेले असत. त्यांचे तंतू उडायचे, बाईंच्या बोटाचं मलम त्यांना चिकटायचं आणि सगळं माझ्या गोळीखाली जाऊन बसायचं. टेबल रोज पुसलं जाई, स्क्रीन पुसली जाई. माझ्याकडे कोणी ढुंकूनही बघितलं नाही.

एके दुपारी बाईंनी चित्र डावीकडे सरकवायला बोट फिरवलं. चित्र जागचं हललं नाही. पुन्हा फिरवलं, तरी तेच. मित्रांनो, बोट चांगलं होतं हो! त्याचा जोर मला पाठीवर जाणवत होता. अडलो होतो तो मी. पण सांगणार कसं?

"गेलं गं हेही," बाई म्हणाल्या.

"आई, माऊस बिघडला असेल."

"वर जातंय, खाली जातंय, उजवीकडे जातंय. मग माऊस कसला बिघडतोय? डॉक्टर म्हणालेच होते ना."

लेकीने स्वतः फिरवून बघायला हात पुढे केला. बाईंनी तो मनगटाने अडवला.

"नको. तुझ्या बोटाने हललं तर मला बघवणार नाही."

लेकीने हात मागे घेतला. वेल डाव्या बाजूला अर्धीच राहिली. बाईंनी चादरीच्या कारखान्यात फोन करून काम सोडल्याचं सांगितलं आणि त्या खिडकीपाशी बसू लागल्या. बसून बसून ते बोट आखडलं. ते आखडणं मात्र खरं होतं.

बऱ्याच महिन्यांनी लेकीने मला कोणाला तरी द्यायला बाहेर काढलं. पुसायला म्हणून उलटं धरलं आणि कोऱ्या कागदावर घासलं. कागदावर काळी, चिकट गुंडाळी पडली. तिने मला जोडून बघितलं. गोळी डावीकडे वळली, पहिल्या दिवसासारखी. लेक मटकन खाली बसली.

"काय गं, काय झालं?" खिडकीतून बाईंनी विचारलं.

"काही नाही, आई."

"देऊन टाक तो कोणाला तरी. चांगला आहे. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता."

लेकीने मला कोणाला दिलं नाही. या खणात ठेवलं आणि खण लावून घेतला. तेव्हापासून मी इथे अंधारात आहे.

मित्रांनो, कोणी म्हणालं की आता माझ्याने होत नाही, तर आधी त्याच्या हातातली वस्तू साफ करून बघा. तो नको म्हणेल, हात अडवेल. तरी बघा.