शिंपडे, बुडके आणि एक बादली

गुलाबनं नळाखाली बादली भरली, शेडच्या मधोमध आणून ठेवली आणि वरून पितळी लोटा सोडला. लोटा डुबुक करून तळाशी गेला.

“पाहा भैयालालजी, लोटा तुमच्यात आला,” तो म्हणाला. “पुरता बुडला. आता याले स्वर्गाच्या गेटावर कोणी टोकन मागत नाही.”

मागच्या बाकांवर हशा पिकला. रामाजी मास्तर दुसऱ्या बाजूचे, म्हणून त्यांनीही रुमालाआड हसून घेतलं.

शेड मूळची सिमेंटच्या पोत्यांची. कारखान्याचा पाया भरून ठेकेदार निघून गेला, शेड रुआबांधा वस्तीच्या कडेला तशीच उरली, आणि रविवारी बायबल बगलेत मारून निघणाऱ्यांनी ती वाटून घेतली. सात वाजता नागपूर-भंडाऱ्याकडले येत. ते तान्ह्या लेकराच्या डोक्यावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा देत. नऊ वाजता बिलासपूरकडले येत. ते म्हणत, लेकराला काय कळतं? माणूस मोठा झाला, त्यानं आपल्या तोंडानं कबूल केलं, की मग नदीत पुरता बुडवायचा. गुलाबनं एकांना नाव ठेवलं होतं शिंपडे, दुसऱ्यांना बुडके. दोघंही एकच पुस्तक उघडत, एकाच ओळीवर बोट ठेवत, आणि तिथून एक दुर्गला जाई, दुसरा रायपूरला.

एरवी गुलाबला यात भारी मौज वाटे. आठवडाभर भट्टीवर उंच चढून लोखंडाला साखळ्या बांधायच्या, अन् रविवारी दोन्हीकडच्या पंचांना एकमेकांवर सोडून बाकावर बसायचं. फुकटचा सिनेमा. पण आज पडद्यावर त्याचीच पोरगी होती. सत्यशीला शिंपड्यांची, देवानंद बुडक्यांचा. लग्न सव्वीस तारखेला, बारा दिवसांवर. भैयालाल बुडक्यांचा मोठा पंच आणि देवानंदचा सख्खा मामा. तो म्हणे, पोरगी आधी शिवनाथ नदीत बुडवा, मग लग्नाचं बोला. रामाजी मास्तर म्हणत, आमच्या पाळकानं दिलेला बाप्तिस्मा पुन्हा दिलात, तर पोरीचं नाव मंडळीतून काटू.

“मले फक्त माप सांगा,” गुलाब बादलीपाशी उकिडवा बसला. “गुडघ्यापर्यंत चालते का? कमरेपर्यंत? पोरीची वेणी लांब आहे. वर तरंगली तर एकटी वेणी नरकात जाईन का?”

“गुलाब भाऊ, मजाक नको,” भैयालाल म्हणाला. “ग्रंथात साफ लिहून आहे. प्रभू खुद नदीत उतरले.”

“उतरले,” रामाजी म्हणाले. “बुडले असं कुठं आहे? घोटा ओला झाला तरी उतरणंच म्हणतात.”

“घोटा ओला करायले कोणी नदीपर्यंत जाते का मास्तर?”

“आणि ग्रंथातला तो जेलर? एका रात्रीत त्याच्या सगळ्या घराण्याचा बाप्तिस्मा झाला. त्यात लेकरं नव्हती? जेलात नदी होती?”

“लेकरं होती, असं तरी कुठं लिहून आहे?”

गुलाबनं मांडीवर थाप मारली. “वा! जे लिहिलंच नाही, त्यावरच जास्त भांडून राहिले दोघं!”

पुन्हा हशा. भिंतीला टेकलेला देवानंद मात्र हसला नाही. दाराजवळ त्याची विधवा आई, रंभाबाई, हात मांडीवर ठेवून बसली होती. सत्यशीला पहिल्या बाकावर होती.

रामाजींनी कोटाच्या खिशातून एक कागद काढला. तो उघडायला त्यांनी बराच वेळ लावला.

“गुलाब, तू जरा बस. मी आपल्या जुन्या मिशनला पत्र टाकून पोरीचा दाखला मागवला होता. म्हटलं, भैयालालच्या पुढ्यात ठेवू, तंटा मिटेल. काल उत्तर आलं.” त्यांनी चष्मा काढला. “त्या वर्षीच्या रजिस्टरात सत्यशीलाचं नाव नाही.”

“उंदरानं खाल्लं असन,” गुलाब लगेच म्हणाला. “उंदीरही बुडका असन एखादा.”

कोणी हसलं नाही. एकोणीस वर्षं गुलाब पोरीच्या बाप्तिस्म्याची एकच गोष्ट सांगत आला होता. पांढऱ्या दाढीचे पाळक, हातात पितळी वाटी, पोरगी कशी टाहो फोडून रडली. इतकी रंगवून सांगे, की आता त्यालाच ती दाढी दिसायची.

“बाबा, राहू द्या,” सत्यशीला उभी राहिली. “पाळक आलेच नव्हते. वैनगंगेले पूर होता, डोंगे बंद होते. मी आठ दिवसांची. अंगात ताप, डोळे वर गेलेले. गावातल्या विहिरीवर आमाले कोणी चढू देत नव्हतं. माय पुराचं पाणी घेऊन आली, पदरानं गाळलं अन् माझ्या डोक्यावर टाकलं. बाप, पुत्र, पवित्र आत्मा, तिन्ही नावं तिनंच घेतली. जायच्या आधी तिनंच सांगितलं मले.”

गुलाब बादलीत पाहत राहिला. त्या दिवशी तो दारातच उभा होता. त्याची बायको शेवंता म्हणाली होती, तुमी घ्या नावं. आणि त्याची जीभ टाळूला चिकटली होती. त्यानंतर मात्र ती जीभ कधी थांबली नाही.

“म्हणजे पाळकाचा हात लागलाच नाही,” रामाजी हळू म्हणाले.

“बाईचा हात,” भैयालाल म्हणाला.

“तो बाप्तिस्मा होत नाही.”

“बिलकुल नाही.”

दोघांनी चमकून एकमेकांकडे पाहिलं. पाच वर्षांत पहिल्यांदा ते एका वाक्यावर एकत्र आले होते. रामाजींच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला.

“मग आमची हरकतच कुठे उरली? जो झालाच नाही, तो पुन्हा कसा होईल? तुम्ही खुशाल बुडवा.”

“येत्या इतवारी,” भैयालालनं हात पुढे केला. रामाजींनी तो धरला. “पाहा, प्रभूनं आखिर दोघांले एक अर्थ दिला.”

मागचे लोक उठायला लागले. कोणीतरी चहाचं बोललं. देवानंदच्या तोंडावर आठ दिवसांनी रंग आला. गुलाबच्या छातीवरचाही धोंडा सरकला. एक डुबकी, की सव्वीस तारीख. एवढ्यानं सुटत असेल तर देवा, सुटू दे. त्यानं पोरीकडे पाहिलं आणि त्याला कळलं, सुटत नाही.

“मी नाही बुडत,” सत्यशीला म्हणाली.

“बेटी, आता तर झगडाच नाही राहिला—”

“म्हणूनच नाही बुडत. तुमचं भांडण होतं तोवर मी गेलीही असती नदीवर. वाटे, एकाले पाणी कमी पडून राहिलं, दुसऱ्याले पुरून राहिलं. आता तुमी दोघं मिळून म्हणता का माझ्या मायचं पाणी पाणीच नव्हतं. मग काय होतं ते?”

भैयालालनं रामाजींचा हात सोडला.

“एवढ्या वर्षांनी एक अर्थ निघाला अन् तो माझ्या मायवर निघाला. ठेवा तुमच्यापाशीच.”

“लग्न मोडेल पोरी,” रामाजी म्हणाले.

“मोडू द्या.”

देवानंद पायातल्या बुटांकडे पाहायला लागला. बाकी सगळ्यांनी माना वळवल्या गुलाबकडे. आता हा एखादा फटका सोडेल, लोक हसतील, पोरगी निवळेल. गुलाब उठला. त्यानं ओठ ओले केले.

“मी होतो तिथं,” तो म्हणाला. “शेवंता मले म्हणाली होती, तुमी घ्या नावं. माझ्या तोंडातून एक नाही निघालं. तिनं घेतली.” त्यानं भैयालालकडे मान वळवली. “पोरगी नाही म्हणते. तर मग नाही.”

दाराजवळ बाक करकरला. रंभाबाई उठली होती. ती सावकाश बादलीपर्यंत आली.

“किती पाणी होतं?” तिनं विचारलं.

“कुठं?” सत्यशीला म्हणाली.

“तुझ्या मायच्या हातात.”

“ओंजळभर. गढूळ.”

रंभाबाईनं वाकून बादलीत हात घातला, बाहेर काढला आणि ओल्या तळव्याकडे पाहिलं.

“माझ्यापाशी तेवढंही नव्हतं. गिलासात तळाशी उरलं होतं जरासं.”

“काय बोलून राहिली तू?” भैयालालची मान वर झाली.

“देवानंदच्या आधीचा, दादा. दोन दिवसांचा होता, जीव जाऊन राहिला होता. तू म्हटलं, लेकराले देव तसाच घेते, पाण्याची गरज नाही. बरोबरही असन तुझं. पण तू बाहेर गेला अन् मी टाकलं. तिन्ही नावं घेऊन.” तिनं भावाकडे सरळ पाहिलं. “बाईचा हात. बिलकुल नाही. नाही का?”

भैयालालनं हातातलं बायबल बाकावर ठेवलं.

सत्यशीला तिच्याजवळ सरकली.

“नाव काय ठेवलं होतं?”

पंचवीस वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. रंभाबाईला नाव काढायला वेळ लागला नाही. तिनं ते मोठ्यानं उच्चारलं, मागच्या बाकापर्यंत जाईल असं.

“हिरा.”

मग ती देवानंदकडे वळली. “तारीख तीच राहीन. तुले चालते का नाही, ते तुझं तू सांग.”

देवानंद भिंतीपासून सुटला आणि आईशेजारी येऊन उभा राहिला.

“पण लग्न लावणार कोण?” रामाजींनी विचारलं.

गुलाबच्या जिभेवर तीन जवाब येऊन बसले होते, तिन्ही झकास. त्यानं एकही सोडला नाही. बाही वर सारून त्यानं कोपरापर्यंत हात बादलीत घातला, तळाचा लोटा वर काढला आणि दोन्ही हातांनी रंभाबाईपुढे धरला.

नऊ वाजून गेले होते. बुडक्यांची वेळ झाली होती, पण घंटेकडे कोणी गेलं नाही. रंभाबाईनं लोटा तोंडाला लावून अर्धा संपवला, आणि उरलेला, तसाच उष्टा, सत्यशीलाच्या हातात दिला.